पापणी खाली येतेय? ऑपरेशनची तारीख घेण्याआधी संध्याकाळ बघा

प्रश्न: वडिलांची (वय 62) उजवी पापणी काही महिन्यांपासून खाली येते. ड्रॉप्सने किंवा व्यायामाने बरी होईल, की ऑपरेशनच करावं लागेल?

व्यायामाने काही होत नाही, तो नाद सोडा. ऑपरेशनचं नंतर बघू. आधी सांगा, पापणी सकाळी उठल्यावर कशी असते आणि दिवेलागणीला कशी? हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि आमच्या घरात सगळं त्यावरच अडलं होतं.

माझी आई मालवणच्या बाजारात मासळी विकते. सकाळी लिलावाला जाताना दोन्ही डोळे टक्क उघडे. दुपार कलली की डावी पापणी उतरायला लागायची, संध्याकाळी अर्धं बुबुळ झाकायची. समोरचं गिऱ्हाईक दिसावं म्हणून ती हनुवटी वर करून, भुवया ताणून बघायची. रात्री भाकरी चावतानाही जबडा दमायचा. ती स्वतःच सांगायची, "सकाळी डोळो बरो आसता, सांज झाली की मिटता."

दादा मुंबईला असतो. त्याने तिकडच्या डॉक्टरांना दाखवलं. वयाने पापणी उचलणारी शीर (स्नायूचा पट्टा) सैल झालीय असं ते म्हणाले, म्हणून दादाने ऑपरेशनची तारीखही घेतली. मी म्हटलं, सैल झालेली शीर रोज सकाळी घट्ट कशी होते? त्यावर दादा म्हणाला, "गावात ऱ्हवान तुका काय कळता?"

मी मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ आईचा चेहरा टिपला आणि तिला गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी ते व्हिडिओ बघितले. मग तिला एकटक वर बघायला लावलं; बघता बघता पापणी खाली आली. नंतर रबरी हातमोज्यात बर्फ भरून मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! जन्मभर बर्फात हात घालणारी माझी आई आरशात बघतच राहिली.

आजार निघाला मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीरातल्याच अँटीबॉडी (एरवी रोगाशी लढणारी प्रथिनं) नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचू देत नाहीत, म्हणून वापराने स्नायू थकतो आणि विश्रांतीने सावरतो. रक्ततपासणी, नसांची तपासणी, थायमस ग्रंथी बघायला छातीचा सीटी स्कॅन झाला. पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या सुरू झाल्या, पुढे थोडं स्टिरॉइड. डोळ्याला सुरी लागली नाही. एकच पथ्य कडक आहे: कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आजाराचं नाव आधी सांगायचं, कारण जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने हा आजार बळावतो.

माझं मत स्पष्ट आहे. पेशंटजवळ जो राहतो, त्याचं डॉक्टरांनी आधी ऐकावं आणि लांबच्या नातेवाइकांनी तारखा घेऊ नयेत. पैसे पाठवले म्हणजे संध्याकाळचा डोळा दिसत नाही.

आता तुमच्या वडिलांचं. पापणी दिवसभर सारखीच खाली असेल तर बहुधा वयाचंच कारण, आणि त्याला ऑपरेशन चांगलं. सैल झालेली शीर ओढून पुन्हा बसवतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही असं होतं. पापणी काही तास वर धरणारे ड्रॉप्स असतात, पण त्यांनी मूळ दुखणं जात नाही. लहान मुलाची पापणी जन्मापासून बुबुळावर असेल तर मात्र थांबू नका, तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट तयारच होत नाही.

आणि हे खरं तर मी आधी लिहायला हवं होतं: पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली किंवा डोकं फुटायला आलं, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जा, मेंदूची रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखून पापण्या उचलेनाशा झाल्या, तर मण्यार चावली असं समजा. तिच्या दातांची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. खूण शोधत बसू नका, गाडी काढा आणि जिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहे तिथे न्या.