ऑफिसच्या वेब-सॉफ्टवेअरवरचा राग काढायला रोज संध्याकाळी धावतो, तरी वेग का वाढत नाही?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: राहायला बोरिवली, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, काम बिलांच्या नोंदी आणि मंजुऱ्यांचे, आणि ते सगळे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर. ते दिवसभर अडते, अर्धवट भरलेले फॉर्म गिळते, आणि घरी पोहोचल्यावर तुम्ही बूट चढवून सहा-सात किलोमीटर जीव तोडून धावता. जानेवारीत अर्धमॅरेथॉन करायची इच्छा आहे, परंतु कित्येक महिन्यांत वेग जागचा हललेला नाही आणि आता नडगीही दुखू लागली आहे. मी अंधेरीतील एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात साधारण अशाच सॉफ्टवेअरवर काम करते आणि हौस म्हणून अर्ध्या व पूर्ण मॅरेथॉन धावते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत. माझे स्पष्ट मत असे आहे की रागाच्या भरात धावणे हेच तुमचा वेग न वाढण्याचे मुख्य कारण आहे, आणि नडगीच्या दुखण्याचेही बहुधा तेच असावे.

रागावलेल्या माणसाला सावकाश धावता येत नाही. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताच तो सुसाट सुटतो आणि पहिल्याच किलोमीटरमध्ये त्याला धाप लागते. पण दिवसभर खुर्चीत आणि नंतर लोकलमध्ये उभ्याने आंबून गेलेल्या शरीरात खऱ्या वेगाची ताकदही उरलेली नसते. परिणामी त्याची प्रत्येक संध्याकाळ एकाच मधल्या पट्टीत जाते. तो वेग दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहू नयेत इतका जास्त असतो, आणि त्यातून नवा वेग घडावा इतका मात्र नसतो. लांब पल्ल्याची क्षमता ज्या गोष्टींनी वाढते, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात पुढे ढकलले जाणारे रक्त, स्नायूंमधील सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे, चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची स्नायूंची सवय, त्या सर्व प्रामुख्याने सावकाश आणि पुष्कळ धावल्याने वाढतात. सावकाश म्हणजे किती, तर शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल, तर तो वेग सावकाश नव्हे.

हे नुसते हौशी लोकांपुरते आहे असे समजू नका. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड हे आपल्या धावपटूंकडून हंगामाच्या आधी आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावून घेत, आणि त्यात पीटर स्नेलसारखा ८०० मीटरचा धावपटूही सुटत नसे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक जिंकले. जो दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत धावतो, त्यालाही आधी तासन्‌तास धावण्याचा पाया लागतो, तर आपल्याला दोन-अडीच तासांच्या शर्यतीसाठी तो किती लागेल, याचा अंदाज करावा.

आता ऑफिसच्या थकव्याकडे वळू, कारण तो केवळ मनाचा खेळ नाही. वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना ९० मिनिटे संगणकापुढे डोके शिणवणारे काम दिले आणि मग थकून थांबेपर्यंत व्यायामाची सायकल चालवायला लावली. तेच लोक एरवी जितका वेळ टिकत, त्यापेक्षा सुमारे १५ टक्के आधी थांबले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हृदय आणि स्नायू यांच्या मोजमापांत थकव्याचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रम किती वाटतात यात. आपण तर ९० मिनिटांवर थांबत नाही, सलग आठ-नऊ तास तेच करतो. तेव्हा संध्याकाळच्या वेळेवरून स्वतःची तयारी जोखणे हे चुकीच्या मापाने मोजणे आहे.

पण दिवसभराचे काम डोके शिणवते म्हणजे नेमके काय करते? माझ्या अनुभवात कामाचा ढीग तितका त्रास देत नाही, जितकी अनिश्चितता देते. संगणकाच्या प्रतिसादाबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजूनही लागू पडतात: एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे माणसाचे लक्ष समोरच्या कामावर राहत नाही. आमच्याकडे वाहतूकदाराचे बिल चढवायचे तर प्रत्येक ओळीत एलआर (म्हणजे माल पाठवल्याची पावती) नंबर, गाडी नंबर, वजन, भाडे, हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचा आकार) असे रकाने भरावे लागतात. वीस-पंचवीस गाड्यांचे बिल, त्यात एखाद्या एलआरवरचे वजन पुसट, म्हणून गोदामात फोन करून विचारायचे, असे करत शेवटची ओळ भरून ‘सबमिट’ दाबले की चाक गरगरते आणि समोर येते लॉगिनचे पान. मागे जावे तर फॉर्म कोरा.

हे का होते ते कळले तर निम्मा राग तिथेच उतरतो, म्हणून थोडे खोलात जाते. वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालते, त्यांना मुळात स्मरणशक्ती नाही. येणारी प्रत्येक विनंती त्यांच्या लेखी नवी असते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली, आणि ब्राउझरने दर खेपेला दाखवायच्या त्या चिठ्ठीवरच आजही बहुतेक ठिकाणचे लॉगिन टिकून असते. सुरक्षिततेसाठी सर्व्हर त्या चिठ्ठीला मुदत घालतो: अमुक मिनिटांत एकही विनंती आली नाही, तर माणूस उठून गेला असे धरायचे. पण साध्या पद्धतीने बांधलेल्या फॉर्ममध्ये आपण टंकलेले काहीही ‘सबमिट’ दाबेपर्यंत सर्व्हरकडे जातच नाही. म्हणजे आपण मान मोडून बिल भरत असतो, तेव्हा सर्व्हरच्या दृष्टीने आपण जागेवर नसतो. ज्याने मधूनमधून आपोआप जतन करण्याची सोय ठेवली नाही, त्याने हे काम स्वतः कधी करून पाहिले नसावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तुमच्या आयटी विभागाला ही मुदत किती मिनिटांची आहे ते सरळ विचारा. ‘ड्राफ्ट’ जतन करण्याची सोय असेल तर चार-पाच ओळींनंतर ती वापरा. नसेल तर ओळी आधी एक्सेलमध्ये भरा आणि मग एकदम चिकटवा, निदान कष्ट तरी वाया जात नाहीत. एकाच लॉगिनवर दोन टॅब उघडून दोन बिले भरू नका, कारण दोन्ही टॅब एकच चिठ्ठी वापरतात आणि एकातून बाहेर पडलात की दुसराही बाद होतो. चाक फिरत राहिले म्हणून ‘सबमिट’ दुसऱ्यांदा दाबण्याआधी नोंदवही उघडून बिल चढले आहे का ते पाहा, नाहीतर तेच बिल दोनदा चढते आणि महिनाअखेरीस त्याचा निस्तार तुम्हालाच करावा लागतो. नवी आवृत्ती आल्यानंतर बटणे विचित्र वागू लागली, तर ब्राउझरने जुन्या फायली धरून ठेवल्याची शक्यता असते. कंट्रोल आणि शिफ्टसह ‘आर’ दाबून पान नव्याने मागवावे. आणि तक्रार करताना ‘चालत नाही’ एवढेच न लिहिता वेळ, पान, कोणते बटण दाबले आणि पडद्याचे चित्र द्यावे. अशा तक्रारीला निदान उत्तर येते.

धावण्याविषयीच्या प्रश्नात मी सॉफ्टवेअरवर एवढे लिहिले, कारण तुमच्या संध्याकाळच्या धावण्याची तीव्रता ऑफिसात ठरते आहे, आणि ती तिथेच कमी करता आली तर उत्तम. उरलेल्याचा उपाय म्हणजे धावणे सकाळी नेणे. तुम्ही बोरिवलीकर असल्याने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तुमच्या दाराशी आहे. सकाळी फिरणाऱ्यांना ठरलेल्या वेळेत तिथे प्रवेश मिळतो. ती वेळ होण्याआधी अंधारात शिरण्याचे धाडस मात्र करू नये, बिबट्यांचे घर आहे ते. मुख्य दाराकडून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता चढत जातो, आणि चढावर बोलण्याजोगा श्वास राखून धावायला शिकलात की सपाटीवरचा संयम आपोआप येतो. याउलट रात्री आठनंतर लिंक रोडच्या कडेने धावणे म्हणजे दिवसभर तापलेले डांबर, गाड्यांचा धूर आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. तिथे नडगी दुखली नाही तरच नवल.

हवेचाही हिशेब ठेवायला हवा. मुंबईत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करत नाही. म्हणून त्याच वेगाला ऑक्टोबरमध्ये हृदयाचे ठोके जानेवारीपेक्षा बरेच वर जातात. पावसाळा आणि ऑक्टोबर यांतून जाताना वेग वाढत नाही असे वाटणे यात नवल नाही. ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी वरळी सी फेसवर लांब धावून आल्यावर टोपीच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात, तेव्हा घड्याळाला काय विचारायचे? डिसेंबरअखेर हवा कोरडी आणि गार झाली की तेच पाय किलोमीटरमागे काही सेकंद सहज वाचवतात.

आठवड्याचे गणित मी असे मांडेन. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाऊण तास अगदी सावकाश. गुरुवारी थोडा वेग, तोही नडगी शांत झाल्यानंतर, मध्ये पंधरा-वीस मिनिटे दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही इतपत. आणि रविवारी लांब पल्ला, आज जेवढा झेपतो तिथून सुरू करून डिसेंबरपर्यंत १६ ते १८ किलोमीटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला सगळेच थोडे कमी करावे. रविवारी पहाटेच्या लोकलने चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हवरून पेडर रोडमार्गे वरळीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत अधूनमधून करावा. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या पूर्ण पल्ल्याच्या जुन्या मार्गावर पेडर रोडचा चढ तिसाव्या किलोमीटरनंतर येई, म्हणून त्याचा एवढा दरारा. एरवी तो चढ फार मोठा नाही, हे ताज्या पायांनी एकदा पाहून घेतलेले बरे.

काही दिवशी सकाळ साधणारच नाही, हे मलाही मान्य आहे. अशा दिवशी घरी येऊन काहीतरी खा, अर्धा तास जाऊ द्या, पहिली दहा मिनिटे फक्त चाला आणि मग घड्याळाशिवाय धावा. सॉफ्टवेअरने ज्या दिवशी फारच छळले असेल, त्या दिवशी नुसते चालण्यावर भागवा. धावल्याने राग शांत होतो हे खरेच आहे, पण सावकाश धावूनही तो तेवढाच होतो, फक्त थोडा जास्त वेळ लागतो.

घड्याळाशिवाय म्हटले, त्यामागे आणखी एक कारण आहे. उंच इमारतींच्या मधून किंवा मेट्रोच्या पुलाखालून जाताना जीपीएसची रेघ भलतीकडे भरकटते, घरी आल्यावर ॲप घड्याळाशी जुळत नाही, आणि नोंद चढली नाही म्हणून माणूस घामेजलेल्या अवस्थेत लिफ्टपाशी फोन हलवत पुन्हा त्याच गरगरत्या चाकाकडे बघत उभा राहतो. ऑफिसातून सुटून दुसऱ्या ऑफिसात जाण्यासारखेच हे झाले. मी साध्या वहीत तारीख, किती मिनिटे धावले आणि कसे वाटले एवढेच लिहिते.

नडगीबद्दल मात्र चालढकल करू नका. श्वास काही आठवड्यांत सुधारतो. हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत रोज जोरात धावल्यास नडगी कुरकुरते. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले असेल आणि धावायला लागल्यावर कमी होत असेल, तर दोन आठवडे अंतर निम्मे करून, बूट झिजले असल्यास बदलून आणि पोटरीचे व्यायाम करून बहुधा भागते. परंतु एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखत असेल, चालतानाही जाणवत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. तेव्हा धावणे ताबडतोब थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा तड्याच्या सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा काही दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे कायम असल्यास एमआरआय करावा का, हे त्यांना आवर्जून विचारा.