संतापाला चाल लावताना

प्रिय मित्रा,

मारल्या गेलेल्या त्या मुलावरचं तुझं गाणं ऐकलं. गळा छान लागलाय आणि राग खरा आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण पहिल्या ओळीपासून तू तारसप्तकात आहेस, आणि 'अन्याय' हा शब्द इतक्यांदा येतो की मारलं कोणाला, कुठे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

अमेरिकन जाझ गायिका बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' दिवे मालवून ऐक. अमेरिकेच्या दक्षिणेत जमाव कृष्णवर्णीयांना झाडांना टांगून मारत असे, त्यावरचं हे गाणं. लिहिलं एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या शिक्षकाने, अशाच एका झुंडबळीचं, म्हणजे लिंचिंगचं, छायाचित्र पाहून. गाण्यात 'लिंचिंग' हा शब्दच नाही. मॅग्नोलियाच्या फुलांचा ताजा सुवास येतो आणि लगेच जळत्या मांसाचा वास. बस. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या नाइटक्लबमध्ये बिली हे सर्वांत शेवटी गायची. वेटर जागच्या जागी थांबायचे, दिवे जायचे, उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर. गाणं संपलं की कितीही टाळ्या पडोत, ती परत मंचावर यायची नाही. (कोलंबिया कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढलं.) आवाज चढवला की निषेध झाला, असं तुला वाटत असेल तर हे ऐकल्यावर वाटणार नाही.

संयमच हवा असंही नाही. १९६३ च्या जूनमध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या दारात गोळी घातली. सप्टेंबरमध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. गायिका नीना सिमोन पेटून उठली आणि तिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहून काढलं. नावातच शिवी. चाल मात्र रंगभूमीवरच्या हलक्याफुलक्या गाण्याची! न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधलं मुद्रण ऐक. सुरुवातीला प्रेक्षक हसतात. पुढे ते हसू कुठल्या कुठे विरतं. त्याच बॉम्बस्फोटानंतर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने 'अलाबामा' वाजवलं, त्यात तर शब्दच नाहीत.

मोर्चातल्या गाण्याची गोष्ट निराळी. 'वुई शॅल ओव्हरकम' अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांनी १९४५-४६ च्या संपात गायलं. ओळी आखूड, त्याच त्याच, कोणालाही पहिल्या फेरीत उचलता येतील अशा. तिथे बारकावे कामाचे नाहीत. गर्दीला श्वास घ्यायला जागा लागते. तुझं गाणं मंचावरचं की रस्त्यावरचं, हे आधी ठरव. सध्या ते धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

माझं विचारशील तर मंचावरचंच कर. दुसरं कडवं काढून टाक, ते नुसतं भाषण आहे. त्या मुलाची सायकल तिसऱ्या कडव्यात ओझरती येते, तिला पहिल्या ओळीत आण. आणि त्याचं नाव जाहीरपणे गाण्याआधी त्याच्या आईला विचार. ती नको म्हणाली तर वाद न घालता नाव गाळायचं.

नवं मुद्रण ड्रमशिवाय पाठव.

तुझा,
सर