शंखी गोगलगायी उन्हाळ्यात जातात कुठं?

प्रश्न : सर, सोयाबीन उगवलं की शंखी गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात, पण उन्हाळ्यात एकही दिसत नाही. मीठ टाकावं का? (एक शेतकरी, औसा)

उत्तर : भाऊ, त्या बांधाच्या मातीतच असतात, शंखाचं तोंड वाळलेल्या चिकट पापुद्र्यानं बंद करून झोपलेल्या, पाऊस पडला की बाहेर. 2022 ला लातूर-बीडकडं या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, आठवतंय ना? प्रत्येकीत नर-मादी दोन्ही अवयव, त्यामुळं जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात, एका वेळी शंभर-दीडशे सहज. मीठ शेतात नकोच, गोगलगाय मरते पण जमीन खारते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान संध्याकाळी बांधावर टाका, सकाळी खाली जमलेल्या वेचा, पण हातमोजे घालूनच, कारण उंदराच्या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या तिच्यात असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातात.