श्टुटगार्टला येताय? आधी शेजाऱ्यांच्या बेल वाजवा

पुण्याहून जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा युरोपीय वास्तव्य परवाना) यायचं ठरतंय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पगाराचं गणित जमलंय, पण तिथली माणसं आपलंसं करतील का, असं तुम्ही विचारलंत.

करतील, पण बोलवायला येणार नाहीत. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीणच चौकशीला येते. इथे नव्याने आलेल्यानेच घरोघरी बेल वाजवून आपलं नाव सांगायचं असतं. हे ठाऊक नसलेली आपली माणसं महिनोन्महिने वाट बघतात आणि मग 'जर्मन फार थंड' म्हणत बसतात. वाढदिवसाचंही तसंच: ज्याचा वाढदिवस, त्यानेच ऑफिसात केक न्यायचा. (शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात.)

श्टुटगार्ट म्हणजे श्वाबियन मुलूख, जर्मनीचा नैर्ऋत्येकडचा भाग. इथल्या बऱ्याच इमारतींत 'केअरवोखे' असते, म्हणजे जिना आणि अंगण झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. काही ठिकाणी तुमची पाळी आली की दाराला पाटी अडकवतात. पैसे देऊन कुणाकडून करून घेऊ, असं मनातही आणू नका. माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्याशी पहिल्यांदा धड बोलल्या त्या पायऱ्या पुसताना, आणि तेही मी कोपरे सोडतोय हे सांगायला! त्यानंतर मात्र त्या जिन्यात थांबून बोलू लागल्या.

ऑफिसातली मैत्री बहुधा ऑफिसातच राहते. खरी ओळख होते ती 'फेराइन'मध्ये, म्हणजे नोंदणीकृत मंडळात. फुटबॉल, गायन, डोंगरभटकंती, स्वयंसेवी अग्निशमन दल, कशाचंही असतं. मुलीला जिम्नॅस्टिक्सला घाला. स्पर्धेच्या दिवशी केकच्या टेबलावर उभं राहायला पालक हवे असतात. तेव्हा पहिला हात तुमचा असू द्या. त्या टेबलामागे दोन तास उभं राहून जेवढ्या ओळखी होतात, तेवढ्या वर्षभर मीटिंगांना बसून होत नाहीत.

मला खरी काळजी तुमच्या बायकोची वाटते. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि नोकरीला वेगळा परवाना लागत नाही. ही सवलतच नडते. परीक्षा नाही म्हणून भाषा शिकायची राहते, आणि भाषा नाही म्हणून नोकरी. मग नवरा कामावर, मुलगी शाळेत आणि ही घरात एकटी. मुलीचं निभेल, पण इथे चौथीनंतर मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, तेव्हा तिच्या शिक्षकांशी बोलायला तुम्हा दोघांनाही जर्मन हवं.

मराठी मंडळी भरपूर आहेत, गणपतीही बसतो. जरूर जा, पण प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच काढू नका. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत खरी, पण त्यावर शेजारी भाळत नाहीत.

सगळंच गैरसमजातून होतं, असंही नाही. घर शोधताना आडनाव बघून उत्तरच न देणारे घरमालक भेटतील. तिथे तुमचं काही चुकलेलं नसतं, पुढच्या घराला अर्ज करायचा.

कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डवर २७ महिन्यांत मिळतो, बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर २१. नागरिकत्वासाठी साधारण ५ वर्षं. जर्मनीला आता दुहेरी चालतं, भारताला चालत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट सोडावा लागतो. त्याचा विचार आत्ता नको. आत्ता पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात बायकोचं नाव ए१ला, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीला, घाला, आणि जमलं तर स्वतःचंही.