वाचकांचे प्रश्न: किल्ली सासूबाईंकडे, सही दादासाठी

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, सासूबाई कर्वेनगरला. फ्लॅट घेतला तेव्हा 'अडीअडचणीला असू दे' म्हणून त्यांना एक किल्ली दिली. आता त्या आठवड्यातून तीन-चारदा फोन न करता लॅच उघडून आत येतात. डबे हलवतात, माझं कपाट उघडतात, बँकेची पाकिटं वाचून आमचा पगार नणंदेला सांगतात. काही बोललं की रडतात, जेवण सोडतात, छातीत दुखतंय म्हणतात आणि तासाभरात मामेसासऱ्यांचा फोन येतो. नवरा म्हणतो, "आईचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस." त्या नार्सिसिस्ट आहेत का? (वय ३४)

उत्तर : नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे टोकाच्या आत्मकेंद्रीपणाचा विकार, हे वैद्यकीय निदान आहे. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ या पुस्तकात त्याचे ९ निकष आहेत आणि त्यांतले किमान ५ वर्षानुवर्षं, घरीदारी सगळीकडे दिसावे लागतात. पत्रावरून ते ठरवता येत नाही, मोबाइलवरच्या रीलवरून तर नाहीच. आणि भांडणात हा शब्द तुमच्या तोंडून गेला, की पुढचे सहा महिने किल्लीचा विषय निघणारच नाही, 'सुनेने मला वेडी ठरवलं' हाच निघेल. तुम्हाला निदानाची गरजही नाही. न विचारता घरात शिरतात, एवढं कारण पुरेसं आहे.

बहुतेक घरांत घोळ होतो तो पुढे. 'आई, फोन करून येत जा' ही विनंती झाली, ती मानायची की नाही हे त्यांच्या हातात. फोन न करता आल्या तर तुम्ही काय कराल, हे ठरवणं म्हणजे मर्यादा. ती त्यांच्या संमतीवाचूनही चालते.

बोलायचं नवऱ्याने. तेच वाक्य सुनेने म्हटलं तर 'घर तोडलं' होतं, मुलाने म्हटलं तर राग येतो आणि काही दिवसांनी निवतो. त्याने एवढंच म्हणावं : "आई, बुधवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा आणि रविवारी जेवायला तू ये. एरवी यायचं असेल तर आधी फोन कर. आम्ही लॅच बदलतोय, किल्ल्या आमच्याकडेच राहतील." आणि थांबावं. कारणं देऊ नयेत. 'तिची मीटिंग असते' म्हटलं की 'मी स्वयंपाकघरात बसेन' येतं, 'दुपारी झोपतो' म्हटलं की 'मी आवाज करत नाही' येतं. ज्याला वाद घालायचा आहे, त्याला प्रत्येक कारण हे वादाचं नवं टोक असतं. बुधवार-रविवार मात्र मनापासून पाळा, त्या दिवशी आवडीचं काही करून ठेवा. नुसत्या नकारावर असलेली व्यवस्था पंधरा दिवसांत मोडते.

जुनी किल्ली परत मागू नका. मागितली की त्यावरूनच रडारड सुरू होते, आणि डुप्लिकेट कुठल्याही चावीवाल्याकडे दहा मिनिटांत बनते. अख्खं कुलूपही बदलावं लागत नाही, बहुतेक लॅचमध्ये किल्ली जाते तो सिलिंडर तेवढा बदलता येतो. दुकानात जाताना जुना काढून सोबत न्या किंवा निदान दाराची जाडी मोजून न्या. लांबी चुकली की बसत नाही. अडीअडचणीची किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवा. आधी बोला, मग लॅच बदला, पण दोन्ही एकाच शनिवार-रविवारी. न सांगता बदललंत आणि त्यांची किल्ली दारात फिरली नाही, तर 'माझ्यापासून चोरून केलं' हीच तक्रार वर्षभर ऐकाल. बँकेची पाकिटं बंद करून ई-स्टेटमेंट घ्या.

न कळवता आल्याच, तर सेफ्टी डोअर बंद ठेवूनच म्हणायचं, "आई, आत्ता जमणार नाही. बुधवारी वाट बघतो." पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल, तरी म्हणा.

आता महत्त्वाचं. पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढेल. फोन वाढतील, रडणं वाढेल. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं : दाणा कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं कबुतर दाणा बंद झाल्यावरही फार काळ टोचत राहतं. तुम्ही चारदा नाही म्हणून पाचव्यांदा दार उघडलंत, तर त्या शिकतात की पाच वेळा रेटायचं असतं. पुढच्या खेपेला त्या दहादा रेटतील. म्हणूनच गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर हे सुरू करू नका. घर भरलेलं असतं, चार लोकांसमोर तुम्ही नमता आणि सगळं मुळापासून परत करावं लागतं. श्रावणाच्या सुरुवातीला करा, नाहीतर दिवाळी आटोपल्यावर.

छातीत दुखतंय म्हणाल्या, तर ते खरं मानायचं, दरवेळी. १०८ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. 'नाटक' हा शब्द मनातही नको, कारण एखादे दिवशी ते खरं निघू शकतं. रिपोर्ट चांगला आला की बुधवार-रविवारचा नियम जसाच्या तसा. मामेसासऱ्यांना एक वाक्य : "मामा, आईशी आमचं बोलणं झालंय. तुमचा गुडघा कसा आहे?" बाजू मांडायला गेलात की तुमचे शब्द फिरून, तिखटमीठ लावून कर्वेनगरला पोचतात.

प्रश्न : दादाला धंद्यासाठी आठ लाखांचं कर्ज हवंय, मला जामीन राहा म्हणतो. आधीचे दीड लाख परत आलेले नाहीत. नकार दिला की सगळ्यांसमोर 'तुझं शिक्षण मी केलं' काढतो. माझ्या आधार-पॅनच्या झेरॉक्सही त्याच्याकडे आहेत. (हडपसर, वय २९)

उत्तर : सही करू नका. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दादाचे हप्ते थकले तर बँक तुमच्याकडे येऊ शकते आणि तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे बँका बघतात ती तुमची पतही खराब होऊ शकते, मग तुमचं स्वतःचं घराचं कर्ज अडतं.

शिक्षणाचं ऋण खरं असेल तर ते मान्य करा. "दादा, तू माझ्यासाठी केलंस, मी विसरलेलो नाही. जामीन मी राहणार नाही." या दोन वाक्यांमध्ये 'पण' घालू नका, 'पण' आला की पहिलं वाक्य पुसलं जातं. 'बघतो' म्हणू नका, दादा त्याचा अर्थ होकार घेईल. 'बायकोला विचारतो' तर मुळीच नको, उद्यापासून दोषी ती. मदत करावीशी वाटली, तर परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम द्या आणि उसने म्हणून देऊ नका.

झेरॉक्सचं आजच बघा. देशात चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो काढून तुमच्या नावावर अनोळखी कर्ज आहे का ते तपासा. आढळलं तर ब्युरो आणि ती बँक, दोघांकडे लेखी तक्रार करा. यापुढे झेरॉक्सवर आडवी तारीख आणि कारण लिहून मगच सही करा. आधारची मास्क्ड प्रत द्या, तिच्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात.

प्रश्न : नांदेडहून शिकायला आले, नारायण पेठेत मावशीकडे राहते. ती माझा फोन वाचते, आईला खोटंनाटं सांगते, 'मी नसते तर रस्त्यावर असतीस' म्हणते. सोडून जायला पैसे नाहीत. (वय २१)

उत्तर : वरच्या कोथरूडच्या पत्राचा सल्ला तुला लागू नाही. छप्पर मावशीचं आहे, तिथे नियम जाहीर केलेस तर किंमत तू मोजशील. सध्या बोलणं छोटं आणि बेचव ठेव : 'हो मावशी', 'जेवले', 'उशीर होईल'. मैत्रिणी, मार्क, मनातलं दुःख, काहीच तिच्यापुढे मांडू नकोस. जे कळलं नाही ते फिरवून सांगता येत नाही. फोनचा पासकोड बदल आणि व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघ, अनोळखी काही जोडलेलं असेल तर तिथूनच काढून टाक. आईला दर रविवारी तू स्वतः फोन कर, म्हणजे आठवड्याची हकीकत तुझ्या तोंडून आधी पोचेल. मार्कशीट आणि दाखल्याच्या मूळ प्रती विश्वासू मैत्रिणीकडे ठेव.

कॉलेजजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, जागा बघायला लाग, पण जून-जुलैत प्रवेशांची गर्दी असते, त्याआधीच. डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं भाडं हातात आल्याशिवाय घरात बोलू नकोस. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि किती दिवसांची नोटीस लागते, हे लिहून घे. मारहाण झाली, कोंडून ठेवलं तर पैशांची वाट बघायची नाही : ११२, किंवा महिलांसाठी १८१. झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. समोर बसून बोलायचं असेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केस पेपरला रांग असते.