नावांतली स्पेस काढण्यासाठी सगळ्या फायलींची नावे बदलून टाकावीत का?

आपली स्क्रिप्ट फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या आज्ञेच्या आउटपुटवर 'फॉर' लूप चालवते, नावात स्पेस आली की एका फाईलच्या दोन फायली होतात, आणि म्हणून सगळीकडे अंडरस्कोअर टाकावेत का, असे आपण विचारले आहे. टाकू नयेत. फायलींची नावे बरोबर आहेत, चूक स्क्रिप्टची आहे.

हा वाद मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी हरलो होतो. मी 'अहवाल जुने' नावाचे फोल्डर केले होते आणि त्याच्या शेजारीच चालू वर्षाचे 'अहवाल' हे फोल्डर होते. रात्रीच्या साफसफाईच्या स्क्रिप्टने त्यातले जुने काढून टाकायचे होते, पण तिच्यात 'आरएम -आरएफ $1' (पुसण्याची आज्ञा; $1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेले नाव) असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले असल्यामुळे शेलने, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ते नाव स्पेसवर तोडले आणि 'आरएम'च्या हाती दोन वेगळी नावे दिली. 'अहवाल' पुसले गेले. नुसते 'जुने' असे काही अस्तित्वातच नव्हते, आणि 'एफ' पर्यायामुळे त्याबद्दल एररची एक ओळही उमटली नाही. सकाळी पाहिले तर 'अहवाल जुने' मात्र जागच्या जागी होते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या वरिष्ठांनी सर्वांसमोर मलाच विचारले, "नावात स्पेस देतातच कशाला?" मी नवा होतो, गप्प बसलो.

तेव्हा सुचले नाही ते आता सांगतो. युनिक्समध्ये फाईलच्या नावात फक्त स्लॅश आणि नल (शून्य मूल्याचा बाइट) हे दोनच बाइट चालत नाहीत. स्पेसच काय, नवी ओळसुद्धा चालते. २००१ साली आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरने काही मॅकवरच्या डिस्क पुसल्या, त्याचेही कारण अवतरणचिन्हांत न ठेवलेला पाथ (फाईलचा पत्ता) हेच होते. तिथेही डिस्कला नाव देणाऱ्यालाच दोष द्यायचा काय?

तेव्हा 'एलएस' सोडून द्या आणि लूपला थेट * (म्हणजे फोल्डरमधली नावे) द्या, कारण त्यातून आलेली नावे शेल पुन्हा तोडत नाही. लूपच्या आत मात्र व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांतच हवे. स्क्रिप्टला मिळालेली सगळी नावे (आर्ग्युमेंट) पुढे पाठवायची असतील तर $* नको, "$@" लिहावे. उपफोल्डरही घ्यायचे असतील तर फायली शोधणाऱ्या 'फाइंड'चा 'प्रिंट०' आणि ती नावे दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'चा '-०' पर्याय जोडीने वापरावेत. ते आता पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही आले आहेत.

हे सारे बॅशसारख्या शेलला लागू आहे. झेडशेल हा दुसरा शेल मुळात अवतरणचिन्हांशिवायचे व्हेरिएबल असे तोडत नाही, त्यामुळे तिथे बिनचूक चाललेली स्क्रिप्ट बॅशमध्ये फसू शकते. हायफनने सुरू होणाऱ्या नावांवर अवतरणचिन्हांचा उपाय चालत नाही, त्यांच्या आधी ./ लावावे लागते.

राहता राहिली नावे बदलण्याची गोष्ट. आमच्या वरिष्ठांनी त्या प्रकरणानंतर स्पेसच्या जागी अंडरस्कोअर टाकणारी स्क्रिप्ट लिहिली, पण तिच्यातल्या नाव बदलणाऱ्या 'एमव्ही' आज्ञेपुढेही अवतरणचिन्हे नव्हती, त्यामुळे जी नावे बदलायची होती नेमकी तीच एरर देऊन तशीच राहिली.