रक्तातला प्लाझ्मा आणि सूर्यातला प्लाझ्मा

ताई, तुमच्या मुलीने विचारलंय की रक्तपेढीतल्या पिशवीत प्लाझ्मा आणि सूर्यातही प्लाझ्मा, हे कसं? मी शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा हा प्रश्न हमखास यायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्द ग्रीक आहे. मातीसारख्या मऊ पदार्थाला आकार देणं या अर्थाचं क्रियापद, आणि त्यावरून 'प्लाझ्मा' म्हणजे घडवलेली वस्तू. आपल्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, शाडू साच्यात दाबून बसवतात, तेच हे काम. प्लॅस्टिक आणि प्लास्टर हे शब्दही याच क्रियापदावरून आलेले. तिला एकदा गणपतीच्या शाळेत नेऊन हे दाखवा, कायमचं लक्षात राहील.

पुढे जीवशास्त्रज्ञांनी तो उचलला. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये 'प्रोटोप्लाझ्म' हा शब्द वापरला, आपण त्याला जीवद्रव्य म्हणतो. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरणारा पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव, तोच रक्तपेढीतला प्लाझ्मा. रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग तो असतो.

आता खरी गंमत. १९२८ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युर हे शास्त्रज्ञ विरळ वायूतून वीज सोडून प्रयोग करत होते. तापवून किंवा वीज सोडून अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे केले, की आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्याने विद्युतभारित झालेले अणू) आणि इलेक्ट्रॉन यांचं मिश्रण तयार होतं. दोन्हींचा विद्युतभार एकमेकांना तोलून धरतो. या भागाला त्यांनी प्लाझ्मा म्हटलं. का? त्यांचे सहकारी मॉट-स्मिथ यांनी पुढे आठवण लिहिली आहे: रक्तद्रव जसा तांबड्या-पांढऱ्या पेशी वाहून नेतो, तसा हा वायू निरनिराळे कण वाहून नेतो, असं लँगम्युरना वाटलं. म्हणजे दोन्ही पदार्थांचा संबंध नाही, साम्य फक्त वाहून नेण्याचं. गंमत अशी की या नावामुळे वैद्यकीय नियतकालिकं त्यांच्याकडे लेख मागू लागली!

मराठीत या दुसऱ्याला 'आयनद्रायू' म्हणतात. द्रव आणि वायू मिळून द्रायू, म्हणजे वाहणारा पदार्थ. मला हा शब्द मूळ नावापेक्षा जास्त सांगणारा वाटतो, कारण त्यात आयनही आले आणि वाहणंही. सूर्य, मृगाच्या पावसात कडाडणारी वीज, ट्यूबलाइट लागल्यावर नळीतला वायू, सगळा आयनद्रायूच.

तुम्ही देवगडकडच्या, म्हणून एक सांगतो. विजयदुर्ग किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे', म्हणजे सूर्यग्रहण पाहण्यासाठी बांधलेले चौथरे, मुलीला दाखवा. सूर्यप्रकाशात सापडलेल्या हेलियम वायूचा शोध तिथे लागला असं बरेच जण सांगतात, पण १८६८ च्या त्या शोधाच्या वेळी तो लावणारे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. चंद्राने सूर्य पूर्ण झाकल्यावर भोवती जी पांढरी प्रभा दिसते, ती मुख्यतः प्लाझ्माच. त्या प्रभेला प्लाझ्मा हे नाव मिळायला मात्र तेव्हा अजून ३० वर्षं होती.